रात्री स्क्रिप्ट पासवर्डपाशी अडकते तेव्हा

या भागात बरेच प्रश्न आले होते, म्हणून ही लिखित आवृत्ती.

नांदेडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये तीस उबुंटू मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचं काम माझ्याकडं होतं. सोमवारी पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक मशीनवर स्क्रिप्ट सुरू केली, पासवर्ड टाकला आणि लातूरला घरी निघालो. रविवारी सकाळी लॅबमधून फोन, "सर, हे तर पुन्हा पासवर्ड मागायलंय!"

चूक माझीच. मी प्रत्येक कमांडआधी सुडो लिहिलं होतं. उबुंटूत सुडो पासवर्ड साधारण 15 मिनिटंच लक्षात ठेवतं. एखादं डाउनलोड त्याहून लांबलं, की पुढचं सुडो पुन्हा विचारतं आणि वाट बघत बसतं.

मग घाईत मी दुसरी, मोठी चूक केली. पासवर्ड थेट स्क्रिप्टमध्ये लिहिला. काम झालं, परीक्षाही झाली. पण ती फाइल मशीनवरच राहिली. आठवडाभरात एका पोरानं ती उघडली. सगळीकडं पासवर्ड एकच, म्हणजे तीसही मशीन त्याच्या हातात. पोरगा चांगला, त्यानं येऊन सांगितलं. तीसही पासवर्ड बदलावे लागले.

मग बरोबर पद्धत काय?

पहिलं, आतले सुडो काढा आणि आख्खी स्क्रिप्टच एकदा सुडोनं चालवा. पासवर्ड सुरुवातीला एकदाच लागतो. फक्त होम फोल्डरमध्ये फाइली बनवत असाल तर त्यांची मालकी रूटकडं जाते, तेवढं सांभाळा.

दुसरं, पॅकेजंही प्रश्न विचारतात, टाइमझोन वगैरे. त्यासाठी स्क्रिप्टच्या वरच 'डेबियन फ्रंटएंड' हे व्हेरिएबल 'नॉनइंटरॲक्टिव्ह' करा, आणि ॲप्टला डॅश वाय द्या. ठरावीक उत्तरं हवी असतील तर डेबकॉन्फमध्ये आधीच भरून ठेवता येतात.

तिसरं, समोर कुणीच नसेल, उदाहरणार्थ रात्री क्रॉनमधून चालवायचं असेल, तर रूटच्याच क्रॉनमध्ये टाका. साध्या युजरकडूनच चालवायचं असेल तर विसुडो उघडून फक्त त्या एका स्क्रिप्टला 'नोपासवर्ड' परवानगी द्या. ती स्क्रिप्ट रूटच्या मालकीची हवी, दुसऱ्या कुणाला बदलता येता कामा नये. आख्ख्या ॲप्टला अशी परवानगी देऊ नका. पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात, म्हणजे तुम्ही सगळंच उघडं टाकलं.

चौथं, कुठं सुडो ठेवावंच लागलं तर डॅश एन लावा. मग पासवर्ड लागला तर ते वाट न बघता लगेच एरर देतं. लॉगमध्ये दिसतं, रात्र वाया जात नाही.

मशीन जास्त असतील तर ॲन्सिबल शिका. ते सुरुवातीलाच एकदा पासवर्ड विचारून सगळीकडं काम करतं.

तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल तर आजच काढा, आणि तो पासवर्डही बदला. गिटवर टाकली असेल तर नुसती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो. भेटू पुढच्या भागात!