गळ्यातला कॅमेरा, खिशातला कॅमेरा

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. ओटीच्या पायऱ्यांसमोर, भर उन्हात, डोळे बारीक करून उभी राहिलेली आजी. फोटो काढला तो वडिलांनी. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे आणि त्यातला प्रत्येक फोटो मोजून-मापून काढला जायचा. त्या कॅमेऱ्याची एकच अट होती, ऊन हवे. म्हणून वडील सगळ्यांना अंगणात बोलावायचे. आजीलाही त्यांनी बोलावले. ती ओल्या हाताने पदर सारखा करीत आली, उभी राहिली आणि फोटो झाल्याबरोबर आत निघून गेली. तिचे सारे आयुष्य चुलीपुढे गेले, पण चुलीपुढचा तिचा फोटो नाही. वडिलांनी एकदा तसा प्रयत्न केला होता. रोल धुऊन आला तेव्हा त्या जागी एक काळा चौकोन होता आणि कोपऱ्यात जाळाचा पांढरा ठिपका.

ही जुनी गोष्ट आठवायला कारण घडले ते २०२४ च्या गणपतीत. राजापूरजवळच्या आमच्या गावातले घर उतरवायचे ठरले होते. वाटण्या झाल्या होत्या, वासे वाळवीने खाल्ले होते आणि दुरुस्तीचा खर्च कुणालाच पेलणारा नव्हता. तेव्हा जुन्या घरातला हा शेवटचा गणपती सगळ्यांनी मिळून करायचा आणि घराचे, माणसांचे फोटो नीट काढून ठेवायचे असे ठरले. त्यातही एक फोटो हवाच होता. आई आता ८४ वर्षांची आहे. आजीच्याच चुलीपुढे ती सणासुदीला अजून बसते. आजीच्या बाबतीत झालेली चूक आईच्या बाबतीत व्हायला नको होती.

भाच्याने नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून मिररलेस कॅमेरा घेतला होता. पुतणीकडे तिच्या बाबांनी पूर्वी घेतलेला, साबणाच्या वडीएवढा अल्ट्राकॉम्पॅक्ट होता. दोघांची एसटीतच जुंपली. "मामा, त्या खेळण्याने काय फोटो येणार?" असे भाच्याचे म्हणणे. "काका, ह्याची बॅग उघडेपर्यंत गणपती विसर्जन होईल," असे पुतणीचे. दोघांचेही खरे होते. कसे ते सांगतो, कारण घरात कॅमेरा घ्यायची वेळ आली की हाच वाद घरोघरी होतो.

आधी 'मिररलेस' या नावाविषयी. मिरर म्हणजे आरसा. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या गळ्यात वर्षानुवर्षे जो जाडजूड कॅमेरा दिसायचा, त्याच्या पोटात ४५ अंशांत तिरपा बसवलेला आरसा असे. भिंगातून आलेले चित्र त्यावर आपटून वर जाई, तिथल्या लोलकातून वळून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोचे. बटण दाबले की आरसा झटकन वर उचलला जाई आणि उजेड मागच्या फिल्मवर पडे. 'खटॅक' असा जो भारदस्त आवाज यायचा, त्यात या आरशाचा मोठा वाटा होता. १९५९ साली आलेल्या निकॉन एफपासून ही रचना जगभरच्या वृत्तपत्रांत मान्यता पावली.

पुढे फिल्म गेली, तिच्या जागी उजेड टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, आली. सेन्सरला जे दिसते ते थेट पडद्यावर दाखवता येते, मग मध्ये आरसा कशाला, असा विचार झाला. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी-१ हा कॅमेरा काढला. आरसा नाही, पण भिंगे मात्र बदलता येतात, अशी त्याची रचना होती. त्यानंतर सोनी, फुजीफिल्म आणि अखेरीस २०१८ साली कॅनन व निकॉन हे दोघे बडेही आपापल्या मोठ्या सेन्सरच्या मिररलेस मालिका घेऊन उतरले. आरसा गेल्याने किती जागा वाचली पाहा. कॅननच्या जुन्या मालिकेत भिंग बसते ती कडी आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटरचे अंतर होते, नव्या मालिकेत ते २० मिलिमीटर झाले. निकॉनमध्ये ते ४६.५ वरून १६ वर आले. कॅमेरा सडपातळ झाला तो असा.

आता गंमत अशी की पुतणीच्या कॅमेऱ्यातही आरसा नाही. तुमच्या-आमच्या फोनमध्येही नाही. मग शब्दशः तेही मिररलेसच! परंतु बाजारात 'मिररलेस' म्हणतात ते भिंग बदलता येणाऱ्या, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला. अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारा, भिंग अंगातच मिटून घेणारा कॅमेरा. कॅसिओने २००२ साली काढलेला एक्झिलिम एस-१ तर अवघा ११.३ मिलिमीटर जाड होता. कॅननची इक्सस मालिका १९९६ साली फिल्मवर सुरू झाली आणि २००० पासून डिजिटल झाली.

दोघांतला खरा फरक आहे तो सेन्सरच्या आकाराचा. पुतणीच्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ रुंद, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. भाच्याच्या कॅमेऱ्यातला सुमारे २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढले तर हा त्याच्या १३ पट भरतो. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण पाणी जास्त साठते ते परातीत. उजेडाचेही तसेच आहे. भर दुपारी मुसळधार असतो तेव्हा वाटीही भरते आणि परातही. म्हणूनच समुद्रावर, शाळेच्या मैदानावर काढलेले फोटो दोघांचेही छान येतात. समईच्या उजेडात मात्र रिमझिमच असते. तिथे वाटी कोरडी राहते आणि कॅमेरा ती उणीव भरून काढायला सिग्नल ताणतो. फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट भिंगाच्या तोंडाची. भाच्याकडे एफ/१.८ चे भिंग होते. एफ/३.६ च्या मानाने ते चौपट उजेड आत सोडते. पार्श्वभूमी पुसट करून माणूस उठून दिसणे हाही मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाचे भिंग यांचा संयुक्त प्रताप. छोट्या कॅमेऱ्यात जवळचे-लांबचे सगळेच बऱ्यापैकी स्पष्ट येते. माणूस आणि मागचा देखावा असा फोटो हवा असेल तर तो दोष नसून सोयच आहे.

आणि मेगापिक्सेल? दुकानदार सर्वात आधी तोच आकडा सांगतो. हिशेब सोपा आहे. सहा बाय चार इंचांच्या नेहमीच्या फोटोला चांगल्या छपाईसाठी सुमारे २२ लाख बिंदू लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. बारा बाय अठराच्या मोठ्या फोटोला सुमारे दोन कोटी. दोन्ही कॅमेऱ्यांवर '२०' लिहिलेले असले तरी वाटीतले २० आणि परातीतले २० यांत फरक आहेच.

गावी पोचलो. पहिल्या संध्याकाळी आरतीला वीज गेली. कोकणात हे व्हायचेच. समया, निरांजने आणि एक कंदील. त्या उजेडात भाच्याने काढलेले फोटो पाहून सगळे गप्प झाले. माजघराच्या काळ्या भिंती, तुळईवर कोरलेली वेल, टाळ धरलेले काकांचे हात, सारे काही होते. पुतणीच्या कॅमेऱ्याने तिथे हात टेकले. फ्लॅश लावला तर सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे आणि मागे अंधार. न लावला तर हलके पुसट फोटो.

दुसरा दिवस पुतणीचा. पाऊस थांबल्याबरोबर पोरे व्हाळावर पळाली, ही खिशात कॅमेरा घालून त्यांच्यामागे. भाच्याचा कॅमेरा बॅगेत, कारण चिखलात, पाण्यात तो न्यायचा त्याला धीर होईना. उड्या मारणारी पोरे, फणसाखाली पत्ते कुटणारे दोघे मेव्हणे, मोदक चोरताना पकडलेला धाकटा, हे सगळे तिच्याच कॅमेऱ्यात आहे. जवळ असलेला कॅमेरा कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही चांगला, हे तिने सिद्ध केले.

राहिला आईचा फोटो. भाचा कॅमेरा गळ्यात अडकवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आईने पाहिले, लगेच पदर सारखा केला, हातातला उलथणे खाली ठेवले आणि ताठ बसली. "काढ हो बाबा," म्हणाली. चेहरा थेट आजीच्या त्या उन्हातल्या फोटोतल्यासारखा! फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, पण त्यात आमची आई नव्हती. थोड्या वेळाने पुतणी सहज आत गेली, काहीतरी बोलली, आई खळखळून हसली आणि हिने खिशातून कॅमेरा काढून क्लिक केले. तो फोटो आईचा होता. आम्हाला वाटले, झाले काम, छोट्या कॅमेऱ्याने बाजी मारली.

रात्री आईला तो दाखवला. तिला आता बारीक दिसत नाही. "मला मोठा करून द्या, भिंतीवर लावू," ती म्हणाली. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला तेव्हा आईचे डोळे त्या दाण्यांत विरघळून गेले. चुलीचा जाळ होता, हसू होते, पण चेहऱ्यावरची एकही सुरकुती शिल्लक नव्हती. पुतणी हिरमुसली.

भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात पाट घेऊन बसला. आजीला नारळ खवून दिला, हळदीची पाने पुसून दिली. कॅमेरा मांडीवर. त्याच्या पाठीवरचा पडदा वर वळवता येत होता, त्यामुळे डोळ्याला कॅमेरा लावायची गरज नव्हती, नुसते खाली पाहायचे. आरसा नसल्याने त्याचा आवाज नाही आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावले की उरलेला आवाजही बंद. पहिला अर्धा तास आई मधूनमधून मांडीकडे पाहत होती. मग आजीच्या काळातल्या गौरीच्या गोष्टी निघाल्या आणि कॅमेरा आहे हेच ती विसरली. दोन तासांनी तो उठला. फुंकणीने जाळ फुलवताना आईचा चेहरा उजळला आहे, कपाळावर घाम आहे आणि ती काहीतरी सांगता सांगता हसते आहे, असा फोटो त्याने आणला.

मला त्या दिवशी एक गोष्ट नव्याने कळली. मोठा कॅमेराही लहान होऊ शकतो, पण त्यासाठी माणसाने वेळ द्यावा लागतो. छोटा कॅमेरा तो वेळ वाचवतो, पण अंधारात तोकडा पडतो. दोघांच्या किमतीतला फरक दुकानात कळतो, हा दुसरा फरक घरी आल्यावर.

मग घ्यायचा कोणता? वाचकांनी स्वतःला दोनतीन प्रश्न विचारावेत. फोटो बहुधा कुठे निघणार? घरात, कार्यालयात, नाटकाच्या रंगमंचावर निघणार असतील तर मिररलेस. सहलीत, प्रवासात निघणार असतील तर खिशातला. कॅमेरा शिकायची हौस घरात कुणाला आहे का? नसेल तर महागाचा मिररलेस कपाटात धूळ खाईल. असेल तर लक्षात ठेवावे की खर्च कॅमेऱ्यावर संपत नाही. चांगले भिंग कॅमेऱ्याहूनही महाग असू शकते. सेन्सर आणि पडदा सतत चालू असल्याने बॅटरी लवकर उतरते, तेव्हा एक जादा ठेवावी. आवाज बंद केलेल्या इलेक्ट्रॉनिक शटरने एलईडी दिव्यांखाली कधी कधी फोटोत पट्टे उमटतात. भिंग बदलताना सेन्सर उघडा पडतो, ते काम वाऱ्यात करू नये. आणि आपल्या पावसाळी हवेत भिंगाला बुरशी धरते. कातडी पिशवीत घालून कपाटात कोंडण्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

फोन असताना खिशातला कॅमेरा हवाच कशाला, असेही कुणी विचारील. बाजारानेही तसेच विचारले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली ८० लाखांच्याही आत. त्या पुरात वाहून गेले ते मुख्यतः हेच छोटे कॅमेरे. नवी पिढी मात्र जुने अल्ट्राकॉम्पॅक्ट शोधून वापरू लागली आहे. फोन वाजत नाही, निरोप येत नाहीत, तो फक्त फोटो काढतो, हे त्यांना आवडते. शिवाय सोनीच्या २०१२ च्या आरएक्स-१०० सारख्या कॅमेऱ्यांनी २४० ग्रॅमच्या खिशातल्या अंगात जवळजवळ चौपट मोठा सेन्सर बसवून मधला मार्गही दाखवला.

लहान-मोठे हे तसे काळावरच असते. जर्मनीत लाइट्झ कारखान्यातले ऑस्कर बार्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हातात मावणारा कॅमेरा तयार केला. १९२५ साली तो लायका नावाने विक्रीला आला. त्याचे चित्र होते २४ बाय ३६ मिलिमीटरचे. काचेच्या मोठाल्या प्लेटा वापरणाऱ्यांच्या तुलनेत ते चित्र म्हणजे चिटुकलेच. आज त्याच मापाच्या सेन्सरला 'फुल फ्रेम' म्हणतात आणि तो असलेला कॅमेरा मोठ्यांत गणला जातो.

घर २०२५ च्या उन्हाळ्यात उतरवले. चूल गेली, तुळई एका नातेवाइकाने नेली. भाच्याने काढलेला फोटो बारा बाय अठराचा करून आईच्या खोलीत लावला आहे. शेजारीच आजीचा तो उन्हातला फोटो. पुतणीचा फोटो सहा बाय चारचा, आईच्या पोथीत खूण म्हणून असतो. त्या मापात त्यातले दाणे दिसत नाहीत. आई रोज पोथी उघडते, तेव्हा आधी तोच हाती येतो.