लेसर यंत्राची चुकलेली पावले

लेसर म्हटले की बहुतेकांना डोळ्यांची शस्त्रक्रिया आठवते, नाही तर चित्रपटातले युद्ध. मला मात्र जामखेडमधले माझ्या मामेभावाचे दहा बाय बारा फुटांचे दुकान आठवते. नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे, लग्नाच्या स्टेजवरची लाकडी अक्षरे अशी कामे तेथे होतात. सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकान असा माझा क्रम आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे या लेखात भौतिकशास्त्र फारसे येणार नाही. जे येईल ते हात काळे करून शिकलेले आहे.

कापणाऱ्या लेसरचा विषय निघाला की बारामतीचे नाव घ्यावेच लागते. कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधणारे डॉ. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली तेथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर सिद्ध केला. आजही लाकूड, कापड, ॲक्रिलिक कापणाऱ्या पुष्कळशा यंत्रांत त्याच जातीची नळी असते. दुसरे नाव पाबळचे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली त्याच आश्रमात उभी राहिली. आमचे यंत्र या दोहोंच्या मानाने अगदी लहान, निळ्या प्रकाशाच्या डायोडचे आहे. पारदर्शक ॲक्रिलिक त्याला कापता येत नाही, कारण निळा प्रकाश त्यातून आरपार निघून जातो.

आता यंत्र चालते कसे ते सांगतो. लेसरचे डोके दातेरी पट्ट्याला बांधलेले असते व तो पट्टा स्टेपर मोटर ओढते. ही मोटर सलग न फिरता पावले टाकते. एका फेऱ्यात २०० पावले, आणि प्रत्येक पावलाचे १६ भाग केले म्हणजे ३२०० बारीक पावले. पुलीला २० दाते आहेत व दोन दात्यांत २ मि.मी. अंतर आहे. म्हणजे एका फेऱ्यात पट्टा ४० मि.मी. सरकतो. ३२०० ला ४० ने भागले की ८० येतात. एक मिलिमीटरला ८० पावले, हा यंत्राचा पाढा. आमच्या यंत्रात जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात आडव्या दिशेचा हा आकडा '$१००' या सेटिंगमध्ये लिहिलेला असतो.

यातली मेख अशी की, यंत्र पावले मोजते, पण आपण कोठे आहोत हे त्याला दिसत नाही. रात्री वीज गेल्यावर आपण अंदाजाने पावले मोजत माठापर्यंत जातो, तसेच ते. वाटेत कोणी धक्का दिला तरी आपण मोजत राहिलो, तर पुढचा सगळा रस्ता तेवढ्याच अंतराने चुकतो. पाऊलच आखूड पडले, तर मात्र चूक हळूहळू अंतराच्या प्रमाणात वाढते. हे दोन रोग वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. मला हे तेव्हा कळले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

आमच्याच तालुक्यातल्या चौंडीला ३१ मे रोजी अहिल्यादेवींची जयंती साजरी होते. गेल्या मे महिन्यात एका मंडळाने त्या निमित्ताने ३० ढालींचे काम दिले. मुदत थोडी, म्हणून मी दादाला न विचारता '$१२०' हा प्रवेगाचा आकडा ५०० वरून ३००० केला. काम भराभर होऊ लागले. तिसऱ्या ढालीवर 'अहिल्यादेवी' या नावाची शिरोरेषा एकीकडे आणि अक्षरांचे पाय तीन मिलिमीटर पलीकडे, असा प्रकार झाला. मराठी अक्षरांत लपवाछपवी चालत नाही. रेघ सरकली की पोरालाही दिसते.

मी १०० मि.मी. चा चौकोन काढून मोजला, आडवी बाजू ९८ भरली. लगेच त्रैराशिक मांडले आणि ८० च्या जागी ८१.६३ लिहिले. पुढच्या चौकोनाची बाजू १०२ भरली, कारण या वेळी पट्टा घसरलाच नव्हता. हे मी दादाला सांगितले नाही. त्या आकड्यावर चार ढाली निघाल्या. सुताराकडून आणलेल्या बैठकीची खाच १०० मि.मी. ची, त्यात १०२ चा तळ जाईना. वर कोरलेला गोल अंड्यासारखा दिसू लागला, कारण फक्त आडवा आकडा बदलला होता. दादाने ढाल हातात घेतली, गोलाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "सेटिंगला हात लावलास का रे?" मग सगळे सांगावेच लागले.

दादाने वीज बंद करून डोके हाताने ढकलायला लावले. डोके सरकत होते, पण मोटरचा दांडा मधूनमधून जागीच थांबत होता. त्याने दांडा आणि पुली यांच्यावर पेनाने एक सरळ रेघ ओढली व यंत्र पाच मिनिटे चालवले. रेघ तुटली. पुलीचा बारीक स्क्रू ढिला होता, आणि मी दिलेल्या हिसक्यांनी तो आणखी ढिला झाला असणार. तो दांड्याच्या सपाट बाजूवर आणून घट्ट केला आणि ८० पुन्हा ८० झाले. तरीही ३००० वर एखादे वेळी सरकतच होते. ५०० लिहिल्यावर थांबले. पट्ट्याचा ढिलेपणा, घट्ट चाके, ताणलेली वायर हेही पाहावे लागते, पण आमच्याकडे ते ठीक होते.

एक कसोटी मला फार आवडली. कामाच्या आधी कोपऱ्यात छोटी फुली कोरावी, काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा कोरावी. दोन्ही एकावर एक बसल्या तर यंत्र वाटेत कोठेही चुकलेले नाही. आकडा बदलायचाच असेल, तर हे जुळल्यानंतरच. शिवाय वेग मिनिटाला आहे की सेकंदाला हे पाहून घ्यावे. सेकंदाला १०० मि.मी. म्हणजे मिनिटाला ६०००, आणि या गोंधळात लाकूड जळते किंवा नुसते पिवळे पडते.

एक दोष मात्र यंत्राचा नव्हता. अक्षरांच्या शिरोरेषा जोडावर एकमेकींवर चढतात. तेवढा दुहेरी भाग पोकळ आहे असे समजून सॉफ्टवेअर तो कोरायचे सोडून देते. म्हणून इंकस्केपमध्ये मजकुराचे रेषाकृतीत रूपांतर करून 'युनियन' करावे लागते. ही सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांना शिरोरेषा ठाऊक नसावी, असा माझा संशय आहे.

ढाली ३० मेच्या रात्री पूर्ण झाल्या. वाया गेलेल्या सातांचे पैसे दादाने कापले नाहीत, पण त्या टाकूनही दिल्या नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रोज सकाळी कामाआधी फुल्या कोरतो.