कष्टकऱ्यांच्या नखांना लागणारी बुरशी

आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर परिसराच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याबरोबर कापूस व सोयाबीनची कामे सुरू होतात. निंदणी-खुरपणी करणाऱ्या मजुरांचे पाय दिवसचे दिवस चिखलात राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यांवर मेंदी लावून काम तसेच चालू राहते. चिखल्या झोंबतात, म्हणून त्यांची दखल तरी घेतली जाते. परंतु त्याच ओलाव्यात नखात शिरणारी बुरशी प्रारंभी दुखत नाही, आणि हीच या विकाराची खरी अडचण होय.

नख प्रथम टोकाशी पिवळसर वा पांढुरके दिसते, पुढे जाड व ठिसूळ बनते, त्याखाली भुसा साचतो व कित्येकदा ते सुटू लागते. पायाच्या नखांत बहुधा गजकर्णाच्या जातीचीच बुरशी असल्याने ती घरातील इतरांनाही लागू शकते. मधुमेही व्यक्तीला अशा नखापासून पायाची जखम चिघळण्याचा धोका संभवतो. महामार्गालगतच्या ढाब्यांवर भांडी घासणाऱ्यांच्या हातांची गोष्ट थोडी निराळी. तेथे सतत पाण्यात राहून नखाभोवतीची कातडी सुजते आणि कॅन्डिडा नावाची बुरशी तेथे घर करते.

सफाई कामगारांना रबरी बूट मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असा समज आढळतो. वस्तुतः घामाने ओले झालेले बूट बुरशीला पोषकच ठरतात. एक जोड वाळत असता वापरावयास दुसरा जोड हवा. बूट वाटपाचा हिशेब करताना अधिकाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

प्रत्येक बिघडलेले नख बुरशीचेच असते असे नाही. खुरप्याचा मार किंवा सोरायसिस यांमुळेही ते तसे दिसते. म्हणून नखाचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे इष्ट. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने त्वचेवरील बुरशी काही दिवस झाकली जाते, मरत नाही. टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी सामान्यतः ६ व पायाच्या नखांसाठी १२ आठवडे देतात. यकृतावर परिणाम होण्याची शक्यता असल्याने त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुधारलेले दिसत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्मेच. त्यामुळे पायाच्या अंगठ्याला संपूर्ण नवे नख येण्यास १२ ते १८ महिने लागतात.