जन्मजात हृदयदोष व हृदयाच्या कार्याची तपासणी

खेळाच्या तासास एखादा मुलगा थोडे धावून एकाएकी उकिडवा बसतो. त्याचे ओठ, जीभ व नखे निळसर दिसतात. दुसरा मुलगा निळा पडत नाही, परंतु त्याला वरचेवर दम लागतो, त्याचे वजन वाढत नाही. अशी मुले वर्गात आळशी ठरतात. वस्तुतः दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतःच काही दोष असतो.

हा दोष पाहण्याचे प्रमुख साधन म्हणजे इकोकार्डिओग्राफी. लोक तिला ‘टू-डी इको’ म्हणतात. वटवाघूळ प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, तेच तत्त्व येथे योजिलेले आहे. श्राव्यातीत ध्वनी छातीतून आत सोडला जातो व परतलेल्या प्रतिध्वनीवरून चालत्या हृदयाचे चित्र उमटते. स्वीडनमधील एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ साली धातूतील दोष शोधण्याच्या यंत्राने हृदयाच्या हालचालीची अशी नोंद घेतली. या तपासणीत सुई नाही, वेदना नाही, क्ष-किरणही नाहीत. पालकांची भीती घालविण्यास एवढे सांगणे पुरेसे होते.

चित्रावरून हृदयाचे कार्यही मोजता येते. डाव्या जवनिकेत ६० मिलिलिटर रक्त भरले व एका ठोक्यास ३६ मिलिलिटर बाहेर पडले, तर हे प्रमाण ६० टक्के झाले. साधारणपणे ते ५५ टक्क्यांहून अधिक असावे. मात्र केवळ या आकड्यावर विसंबता येत नाही. पडद्यास मोठे छिद्र असल्यास आकडा चांगला दिसूनही बरेचसे रक्त पुन्हा फुप्फुसांकडेच जाते. म्हणून डॉक्टर कप्प्यांचा आकार, रक्तप्रवाहाची दिशा व फुप्फुसांतील दाब हेही पाहतात. उजव्या जवनिकेचा आकार वेडावाकडा असल्याने तिचे मापन एम.आर.आय.ने अधिक अचूक होते.

येथे विलंब घातक ठरतो. मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात. मग छिद्र बुजविण्याची शस्त्रक्रियाच करता येत नाही. वेळेवर उपचार झालेली बहुतेक मुले मात्र इतरांप्रमाणे शिकू व खेळू शकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये २०१३ पासून शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी योजिलेली आहे. आपल्या जिल्ह्यात झरी-जामणीकडील पोडांवर किंवा पुसदकडील तांड्यांवर राहणारे एखादे मूल कुटुंबाबरोबर कामासाठी परगावी गेले, की नेमके त्या दिवशी गैरहजर राहते. शिक्षकांनी अशा मुलांची नावे लक्षणांसह टिपून ठेवावीत, पथकास आवर्जून दाखवावीत आणि पुढील तपासणीची तारीख पालकांस पुनःपुन्हा स्मरण करून द्यावी. शस्त्रक्रियेनंतरही तपासणी चालू ठेवावी लागते. अशा मुलास किती खेळू द्यावे, हे डॉक्टरांस विचारून ठरवावे. उगाच त्याला मैदानाबाहेर बसवू नये.

डॉक्टर मुलास वर्षातून एकदा पाहतो, शिक्षक त्याला रोज पाहतो. म्हणून तपासणीचा आरंभ शाळेच्या अंगणातच होतो.