मिक्सरची खरखर

"मिक्सर लावा का रेडिओ बोंबलस, भाऊ." पिंपळनेरच्या बाजारपेठेत मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे ही तक्रार अजून येते. जळगाव आकाशवाणी मध्यमलहरींवर, ९६३ किलोहर्ट्झला ऐकणारी जुनी माणसं इथे आहेत.

मिस्त्री लगेच मिक्सर खोलत नाही. आधी रेडिओ सेलवर लावतो. खरखर कमी झाली तर ती वायरिंगमधून येत होती. तेवढीच राहिली तर हवेतून. मग रेडिओ सावकाश फिरवतो. आतली फेराइटची कांडी एका ठरावीक दिशेला आली की खरखर बसते.

गंमत अशी, की पांझरा नदीकाठच्या मळ्यातली पाच हॉर्सपॉवरची मोटर रेडिओला छळत नाही. स्टार्टर दाबताना एकदा 'टक', बस्स. तिच्यात कार्बन, म्हणजे ब्रशच नाहीत. छतावरचा पंखाही निर्दोष. त्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची मात्र हमी नाही. बोंब असते ती काळा मसाला वाटणाऱ्या ५०० वॉटच्या मिक्सरची. त्याचं आर्मेचर मिनिटाला १८-२० हजार फेरे घेतं. कम्युटेटरची तांब्याची पट्टी कार्बनखालून सुटते तेव्हा गुंडाळीतला करंट तुटतो आणि ठिणगी उडते. एका ठिणगीत असंख्य फ्रिक्वेन्सी असतात. १८८७ मध्ये हर्ट्झने रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. तोच प्रयोग इथे लसूण-मिरचीसह चालू असतो.

झाकण काढल्यावर मिस्त्री पहिल्यांदा बघतो ते कार्बन. झिजून आखूड झालेले, स्प्रिंग ढिली, कम्युटेटर काळाकुट्ट. पट्ट्यांमधली घाण काढून तो बारीक पॉलिश पेपर फिरवतो, नवे कार्बन बसवतो. एवढ्यानेच निम्मं काम होतं. हे सोडून नुसता कंडेन्सर लावणाऱ्यांवर त्याचा राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

मग उरलेली खरखर दाबायला कंडेन्सर: ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स-टू वर्गाचा. तो दोन्ही कार्बनच्या अगदी जवळ, पाय आखूड कापून. लांब वायरीने स्विचपाशी लावला तर मधली वायरच एरियल होते. साधा ४०० व्होल्ट डीसीचा स्वस्तात मिळतो, पण मेन्सवर तो फुटू शकतो. मोटरच्या धातूच्या अंगाला जोडायचे कंडेन्सर वेगळे, वाय वर्गाचे. आर्थिंगची खात्री नसेल तिथे मिस्त्री त्यांना हात लावत नाही. चुकीचा माल शॉर्ट झाला तर करंट अंगावर येतो.

गिऱ्हाईक कार्बनचे पैसे मुकाट देतं. कंडेन्सरचे मागितले की विचारतं, "याच्याशिवाय मिक्सर चालत नाही का?" चालतो की. शेजारच्याच्या बातम्या बुडतात, एवढंच.

शेवटी ९६३ लावून चाचणी. पहिल्या दोन स्पीडला निवेदक स्वच्छ ऐकू येतो. तिसऱ्याला थोडी खरखर उरते. मिस्त्री म्हणतो, ती काढायला वायरीवर फेराइटचं कडं घालावं लागेल, उद्या धुळ्याहून मागवतो.