दलाली करायची तर कायद्यानं



लातूर-नांदेडला शिकवणीसाठी बाहेरगावची लेकरं येतात. त्यांना भाड्यानं द्यायला फ्लॅट घेणारे गुंतवणूकदार असतात. त्यांना घर मिळवून देणारी एजंट आपल्या गटातली बाई का नसावी? आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली, नोंदणी. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा, तर एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणी पाच वर्षं चालते. विनानोंदणी काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे.

दुसरी, हिशेब. राहणाऱ्याला घर आवडावं लागतं, गुंतवणूकदाराला आकडा पटावा लागतो. समजा, फ्लॅट २० लाखांचा, भाडं महिना ८,०००. सुट्टीचे दोन महिने खोली रिकामी, म्हणजे वर्षाला ८०,०००. घरपट्टी, दुरुस्तीचे १५,००० वजा करा. उरले ६५,०००, म्हणजे शेकडा सव्वातीन रुपये. हे आधीच खरं सांगा. फुगवून सांगितलं तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही.

तिसरी, कागद. शेतजमीन असेल तर सातबारा, फेरफार स्वतः वाचा. शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. उताऱ्यावर बहिणीचं नाव असेल, तर तिला विचारल्याशिवाय व्यवहार पुढं नेऊ नका. दबावानं घेतलेल्या सहीवर दलाली खाऊ नका.

दलाली एकदाच मिळते, गावात तोंड रोज दाखवायचं असतं.