शिट्टीमागचा माणूस

पावसाळा सुरू झाला की शालेय फुटबॉल स्पर्धांचे दिवस येतात. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर येथील मुले चिखलाने माखून खेळतात. जिंकणारा संघ जिल्ह्यातून अमरावती विभागात आणि तेथून राज्यस्तरावर जातो. मैदानाच्या कडेला पालक उभे असतात आणि मधोमध शिट्टी घेऊन एक माणूस धावत असतो. त्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसते. तो दुसऱ्या शाळेचा क्रीडाशिक्षक असतो किंवा एखादा जुना खेळाडू. सुट्टीचा दिवस तो मुलांसाठी देतो. मिळालेच तर प्रवासखर्चापुरते मानधन. पण निर्णय आपल्या मुलाच्या विरुद्ध गेला की पहिला कठोर शब्द त्यालाच ऐकावा लागतो.

मराठीने या माणसाला ‘पंच’ म्हटले, हे अर्थपूर्ण आहे. पेढीवरचा वाद कोर्टात न नेता, दोन्ही पक्षांनी मानलेल्या पंचापुढे ठेवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी जपली. निवाडा आपल्या बाजूने लागला तरच मानू, अशी अट त्यात नव्हती. खामगावच्या चांदीचा लौकिक दूरवर पसरला, त्यामागेही काट्यावरचा आणि कसावरचा विश्वासच उभा आहे.

फुटबॉलचा इतिहासही याच वाटेने गेला. इंग्लंडमध्ये आरंभी दोन्ही संघांचे कर्णधारच आपसांत वाद मिटवीत. पुढे प्रत्येक संघाचा एकेक पंच आला, आणि त्यांचे जुळेना तेव्हा मैदानाबाहेरील तिसऱ्याकडे प्रश्न सोपवला जाऊ लागला. 1891 मध्ये या तिसऱ्याला मैदानात आणून निर्णयाचा संपूर्ण अधिकार दिला गेला. खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम, हा आजचा नियम आहे. पंच चुकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. तोही माणूस आहे. क्षणात पाहतो आणि क्षणात ठरवतो. पण त्याचा शब्द अंतिम मानला नाही, तर खेळ पुढे सरकतच नाही.

शब्दांवरचा ताबा सुटला की प्रकरण कोठवर जाते, हे नेदरलँड्सने पाहिले आहे. डिसेंबर 2012 मध्ये अल्मेरे शहरात किशोरांच्या सामन्यानंतर रिचर्ड न्यूवेनहाउझेन या रेषापंचाला प्रतिस्पर्धी संघाच्या मुलांनी लाथाबुक्क्यांनी मारले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 41. ते स्वयंसेवक होते. त्यांचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातील सर्व हौशी सामने रद्द करण्यात आले. 2013 मध्ये न्यायालयाने सहा किशोरांना दोषी ठरवले आणि त्यांच्यासोबत एका खेळाडूच्या वडिलांनाही. सर्वांत मोठी, सहा वर्षांची शिक्षा त्या वडिलांना झाली. पालकांनी यावर क्षणभर थांबून विचार करावा.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2008 मध्ये पंचांच्या सन्मानासाठी मोहीम सुरू केली. तिचे दोन उपाय अगदी साधे आहेत : प्रेक्षकांनी आखून दिलेल्या रेषेमागे उभे राहावे आणि पंचाशी केवळ कर्णधाराने बोलावे. 2024 च्या युरो स्पर्धेतही ‘फक्त कर्णधार’ हाच दंडक लावण्यात आला.

आपल्या विदर्भातही अनुकरणीय प्रयोग झाला आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. 2022 चा ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरूनच प्रेरित आहे. त्यांच्या संस्थेत एक निराळी पद्धतही खेळली जाते. मुले सामन्याआधी नियम ठरवतात आणि सामन्यानंतर एकत्र बसून, कोण सचोटीने खेळले याची चर्चा करतात. निवाडा करणे किती अवघड असते, हे त्यांना असे अनुभवातून कळते. आपल्या शाळांनीही सरावात प्रत्येक मुलाच्या हाती दहा मिनिटे शिट्टी द्यावी.

आपल्यातील अनेक कुटुंबे स्पर्धांना चषक आणि अल्पोपाहार देतात. त्या औदार्याला आणखी थोडी जोड देता येईल. सामन्यापूर्वी पंचांची नावानिशी ओळख करून द्यावी. त्यांच्यासाठी पाणी आणि सावलीची व्यवस्था असावी. श्रीफळ देऊन सत्कार करायचा तर तो निकालाआधी करावा, म्हणजे त्याचा संबंध हार-जितीशी उरत नाही. तक्रार असल्यास ती दुसऱ्या दिवशी, शांतपणे, लेखी द्यावी. हित, मित आणि प्रिय बोलावे असे सांगणारी भाषासमिती आपण प्रवचनात ऐकतो. मैदानाच्या कडेला तिची खरी परीक्षा असते.

मूल सामना हरून घरी येते तेव्हा ते आपल्या तोंडाकडे पाहत असते. ‘पंचाने घात केला’ असे आपण म्हणालो, तर ते आयुष्यभर आपल्या अपयशासाठी दुसऱ्या कोणाला तरी शोधत राहील. त्याऐवजी एवढेच विचारावे : ‘बाळा, पंचांना नमस्कार करून आलास ना?’